ल्युपस : अवयवांची कायमची हानी आणि रुग्णाने ठेवावयाची नोंद

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस (एसएलई), म्हणजेच ल्युपस, हा स्वप्रतिकारक विकार आहे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच या आजारात त्वचा, सांधे, मूत्रपिंड, हृदय, मेंदू इत्यादी अवयवांवर उलटते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांपैकी बहुतेकींना ऐन उमेदीच्या वयात हा आजार जडतो. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ल्युपसचे प्रमाण एक लाख लोकांमागे सुमारे ३.२ आढळले. संख्या लहान असली तरी हा आजार आयुष्यभर सोबत राहतो. म्हणूनच त्याने शरीरात मागे काय ठेवले, याचा हिशेब ठेवणे आवश्यक ठरते.

आजाराचा भर आणि हानी

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. ताप, तोंडातील व्रण, गालांवरील लाल चट्टे, सांध्यांची सूज ही आजाराचा भर वाढल्याची लक्षणे होत. औषधोपचाराने ती ओसरू शकतात. हानी म्हणजे जे आता पूर्ववत होणार नाही ते : निकामी झालेले मूत्रपिंड, पक्षाघातानंतर राहिलेला दुबळेपणा, व्रण भरल्यावर टाळूवर उरलेला केशहीन डाग. सर्वसाधारण नियम असा की, निदानानंतर उद्भवलेला आणि किमान सहा महिने टिकलेला बदलच हानी म्हणून मोजला जातो. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका यांसारखी घटना मात्र एकदा घडली की नोंदली जाते.

ही मोजणी करण्यासाठी ल्युपसतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तयार केलेला हानी निर्देशांक १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर तोच वापरला जातो. त्यात डोळे, मेंदू व मज्जासंस्था, मूत्रपिंड, फुप्फुसे, हृदय, रक्तवाहिन्या, पचनसंस्था, स्नायू व हाडे, त्वचा, अकाली रजोनिवृत्ती, मधुमेह आणि कर्करोग असे बारा विभाग आहेत. हानी आजारामुळे झाली की औषधामुळे, हा भेद येथे केला जात नाही. स्टेरॉइडमुळे झालेला मोतीबिंदूही मोजला जातो. हा आकडा वाढू शकतो, परंतु कमी होत नाही. सुरुवातीच्या वर्षांतच तो वाढला तर पुढील धोका अधिक असतो, त्यामुळे डॉक्टर त्याकडे बारकाईने पाहतात.

रुग्णालाच का विचारावे

हा निर्देशांक भरण्यासाठी डॉक्टरांना सविस्तर तपासणी करावी लागते आणि सर्व जुनी कागदपत्रे हाताशी असावी लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळ. यावर उपाय म्हणून रुग्णाने स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या तयार झाल्या. बॉस्टन येथील तज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेल्या प्रश्नावलीची स्पॅनिश, पोर्तुगीज व फ्रेंच रूपे डॉक्टरांच्या मोजणीशी ताडून पाहण्यात आली. सॅन फ्रान्सिस्को येथे याच हेतूने एक संक्षिप्त प्रश्नावली विकसित झाली.

चंडीगडमध्ये या विषयाला वेगळे महत्त्व आहे. येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत (पीजीआय) पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर येथून रुग्ण येतात. चंडीमंदिर येथील लष्करी तळ, बँका व केंद्रीय कार्यालये यांत बदली होऊन आलेली मराठी कुटुंबेही शहरात आहेत. अशा कुटुंबात निदानाचा कागद पुण्यास, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा नागपुरास आणि लघवीच्या तपासण्या येथे, अशी स्थिती सहज उद्भवते. नव्या डॉक्टरांसमोर हा सगळा इतिहास एकत्र मांडू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे रुग्ण.

रुग्णास काय ठाऊक असते, काय नसते

शस्त्रक्रिया, अस्थिभंग, हृदयविकाराचा झटका, डायलिसिस या घटना रुग्ण सहसा विसरत नाही. चाळिशीपूर्वी मासिक पाळी कायमची थांबणे ही बाबही रुग्णच सांगू शकते. सायक्लोफॉस्फामाइड या औषधानंतर असे घडू शकते. अनेक स्त्रिया संकोचाने ते बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारतातच असे नाही. प्रश्नावलीत हा प्रश्न छापलेला असतो, हा तिचा मोठाच लाभ म्हणावा लागेल.

अडचण येते ती शब्दांची. आपल्याकडे सांधा कोणत्याही कारणाने दुखला तरी ‘वात’ म्हणतात, येथे त्यालाच ‘गठिया’ म्हणतील. परंतु स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णास चालताना जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, तर तो खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचा परिणाम असू शकतो. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, एमआरआय करावे लागते. ‘वात आहे’ असे सांगितल्यास ही तपासणी राहून जाते. म्हणून आजाराचे नाव सांगण्यापेक्षा काय होते, कोठे होते आणि केव्हापासून, हे सांगावे. मोतीबिंदू व काचबिंदू यांचीही गल्लत होऊ देऊ नये.

मूत्रपिंडाबाबत तर केवळ जाणिवेवर मुळीच विसंबू नये. लघवीतून प्रथिने जात असताना रुग्णास काहीही त्रास जाणवत नाही, असे पुष्कळदा घडते. लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब हेच येथे खरे साक्षीदार होत. ‘मला काही होत नाही’ या उत्तरावर कोणतीही प्रश्नावली मूत्रपिंडाची ग्वाही देऊ शकत नाही.

नोंद कशी ठेवावी

एक साधी वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर निदानाचा महिना व वर्ष लिहावे, कारण हानी त्या तारखेपासून मोजली जाते. त्यापुढे प्रत्येक घटनेस एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ, ‘डावा डोळा, मोतीबिंदू शस्त्रक्रिया, मार्च २०२१, कागद आहे’ किंवा ‘आकडी, दोन वेळा, गोळ्या आठ महिने, कागद नाही’. कागद नसला तरी नोंद करावी, मात्र तसे स्पष्ट लिहावे. केस गळणे, थकवा, सांधेदुखी यांची नोंद वेगळ्या पानावर असावी, कारण ती आजाराच्या भराची लक्षणे असू शकतात. स्टेरॉइडची मात्रा व कालावधी अवश्य लिहावा. आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा (आभा) चौदा अंकी क्रमांक काढून घेतल्यास संलग्न रुग्णालयांतील अहवाल त्यास जोडता येतात. वही वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर पूर्ण वाचली जावी.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षात नेत्रतपासणी करून घ्यावी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी. डॉक्टरांनी सांगितल्यास त्याआधीही करावी. या औषधाची दैनंदिन मात्रा सामान्यतः शरीराच्या प्रतिकिलो वजनास ५ मिलिग्रॅमहून अधिक नसते. वजन बदलल्यास ते डॉक्टरांना कळवावे.

हानीच्या यादीत औषधांचे परिणामही येतात हे वाचून काही रुग्ण औषधे परस्पर सोडतात. असे कदापि करू नये. स्टेरॉइड अचानक थांबविणे जिवावर बेतू शकते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर आजाराचा भर आणि हानी दोन्ही रोखण्यास साहाय्यकारी आहे.

लघवीस फेस येणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज येणे यांसाठी पुढील तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. एका बाजूचा दुबळेपणा, आकडी, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वही सोबत घ्यावी.