मुंबईने सोडला, ऐझॉलने उचलला

डिलाईल रोडवर फुटबॉल हा नेहमीच पाहुणा राहिला. इथला घरचा खेळ म्हणजे कबड्डी. मथुरादास, अपोलो या गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्या पोरांना दम घुमवायला हातभर मोकळी जमीन पुरायची. चेंडू लाथाडायचा तर मैदान हवे, बूट हवेत. शिवाय शेजारच्यांच्या खिडक्यांची भरपाई करणारा बाप हवा. म्हणून फुटबॉल बघायचा झाला तर लोअर परळला गाडीत चढून चर्चगेटला उतरायचे आणि कूपरेज गाठायचे.

तिथे दिसायचा तो कंपन्यांचा फुटबॉल. टाटा, महिंद्र, एअर इंडिया, बँका. नेव्हिल डिसोझा हा आघाडीवीर याच मुंबईतल्या फुटबॉलने देशाला दिला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारत ४-२ असा जिंकून उपांत्य फेरीत गेला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आज त्याचे नाव किती मुंबईकरांना ठाऊक असेल, हे विचारू नये.

कंपन्यांच्या या व्यवस्थेला नंतर बरीच नावे ठेवली गेली. मी बँकेत असताना तिची दुसरी बाजू जवळून पाहिली आहे. खेळाडू म्हणून लागलेला मुलगा दुपारीच सरावाला पळायचा आणि काउंटरवरची मंडळी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून कुरकुरायची. पण त्याचा गुडघा गेला तरी पगार जात नसे. तिशीत खेळ संपला की तो मुकाट्याने लेजर उघडून बसे आणि पुढे रीतसर पेन्शन घेई. खेळाडू म्हणून तो तिथेच संपे, हेही खरे. पण त्याचे घर चालत राही.

खालिद जमीलची कहाणी या जुन्या आणि नव्या व्यवस्थेच्या सांध्यावरची आहे. त्याचा जन्म १९७७चा, कुवेतमधला. खेळाडू म्हणून नाव झाले ते मुंबईत. तो गोल ठोकणारा नव्हे, मधल्या फळीतून चेंडू पुरवणारा. महिंद्र, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्र असा त्याचा प्रवास. शिवाय भारताची जर्सीही अंगावर आली. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, त्या संघात तो होता. पुढे २०१० साली कंपनीने तो संघच बंद केला. ताळेबंदात फुटबॉल कुठल्या रकान्यात बसतो, हा प्रश्न कधी ना कधी कोणीतरी विचारतोच.

२००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा व्यावसायिक क्लब निघाला. नोकरी नाही, करार. खालिद तिथे गेला आणि दुखापतींनी त्याचे खेळणे संपवले. २००९ साली बत्तिसाव्या वर्षी तो त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. पुढची सात वर्षे त्याने जे केले त्याला वर्तमानपत्रात मथळे मिळत नाहीत: पैशाने तोकडा संघ त्याने पहिल्या श्रेणीत टिकवून ठेवला. बचाव घट्ट ठेवायचा, जिंकता येत नसेल तर निदान हरायचे नाही. बघणाऱ्यांना हा खेळ कंटाळवाणा वाटे. मला मात्र त्यात आमच्या चाळीतल्या बायकांचा हिशेब दिसे. बरोबरीचा एक गुण म्हणजे महिनाअखेरीला डब्यात उरलेली नोट. तिच्यावर कोणी पोवाडे रचत नाही, पण घर तिच्यावरच तरते.

२०१६ मध्ये मुंबई एफसी आणि तो वेगळे झाले. त्याला बोलावले कोणी, तर मिझोरामच्या ऐझॉल एफसीने. जेमतेम तीन लाख वस्तीच्या डोंगरावरच्या गावाचा हा क्लब आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, म्हणून त्याला जागा परत मिळाली. खालिदने तिथे मुंबईची माणसेही नेली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे त्याच्या जुन्या क्लबात खेळलेले.

मग जे घडले ते कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने कागद परत पाठवले असते. २२ एप्रिल २०१७ला ऐझॉलने मोहन बागानला घरच्या मैदानावर १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. एक गुण पुरेसा होता, पण सुरुवातीलाच गोल बसला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि १-१ वर शिट्टी झाली. अठरा सामन्यांत ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रविजेता! इंग्लंडात आदल्या वर्षी लेस्टरने जे केले त्याच तोलाचे हे काम. आणि ते झाले बरोबरीच्या त्याच एका गुणावर, ज्याला कूपरेजवर लोक जांभया देत असत.

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि पुढे क्लबच मिटला. एकाच तक्त्यात वर खालिद, खाली त्याचा जुना संघ. मुंबईच्या क्रीडारसिकांनी यावर फारसा शोक केल्याचे मला आठवत नाही. एप्रिल-मे म्हणजे आयपीएलचे दिवस.

ईस्ट बंगाल, मोहन बागान असे करत तो नॉर्थईस्ट युनायटेडकडे गेला आणि २०२१ मध्ये आयएसएलमधला पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाला. परदेशी प्रशिक्षकांच्या त्या मांडवात आपल्या माणसाला पाट मिळायला सात वर्षे लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशाचा संघ त्याच्या हाती आला. सॅव्हिओ मेदेइरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी एक भारतीय. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या काफा चषकात, ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. वाटले, डब्यातली नोट पुन्हा कामाला आली.

१४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूर समोर होते. २०२७च्या आशिया चषकाची आशा त्या सामन्यावर टांगलेली. चौदाव्या मिनिटाला भारताचा गोल झाला, मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने फेडला, उत्तरार्धात आणखी एक चढवला. १-२. आशिया चषक गेला. भारताचा तो एकुलता गोल लालियानझुआला छांगटेचा होता. मिझोरामचा हा मुलगा तेव्हा मुंबई सिटीकडून खेळत होता.