निवळीतला कागद

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या रद्दीच्या दुकानात मी अधूनमधून जुने दिवाळी अंक शोधायला जातो. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गेलो, तेव्हा तराजूशेजारी फायलींचा गठ्ठा पडला होता. एका धर्मादाय ट्रस्टकडे मदतीसाठी आलेले अर्ज होते ते. वहीची पानं फाडून लिहिलेले. कुणाला फी भरायची होती, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, एका बाईला शिलाई मशीन हवं होतं. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईनं एकच शब्द होता, मंजूर किंवा नामंजूर. कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोन फायली मी विकत घेतो, असं म्हणेपर्यंत गठ्ठा टेम्पोत चढला.

दात्याचा पैसा कुठं गेला हे हिशेबात सापडतं. पण तो मागायला कोण आलं होतं, हे कोण जपतं? हा प्रश्न घेऊनच मी शहर ओलांडून शिरसोली रस्त्याला, जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात गेलो. खान्देशात एका धनिकाच्या देणगीतून कागद जपण्याचं एवढं मोठं काम दुसरीकडे मला माहीत नाही.

संस्थेचा इतिहास जळगावकरांना पाठ आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. घरच्या सात हजारांच्या पुंजीवर १९६३ मध्ये रॉकेल विकायला लागले, पुढे पाइप आणि ठिबक सिंचनात नाव काढलं. २००७ मध्ये गांधी रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं. २५ मार्च २०१२ रोजी जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती म्हणून गांधीतीर्थाचं उद्घाटन केलं. भवरलालजी २०१६ मध्ये गेले. जोधपुरी दगडाची ती वास्तू आणि ‘खोज गांधीजी की’ हे संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात. माझं मन मात्र अडकलं ते कागद वाचवण्याच्या कामात.

गांधीजींचे कागद हाताळणं अवघड, कारण त्यांनी कागद वाया घालवला नाही. आलेल्या पाकिटाची कोरी बाजू, पत्राची पाठ, पेन्सिलीचा बोटभर तुकडा, सगळं त्यांना चालायचं. १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दमला, तेव्हा सुमारे ४० पानं त्यांनी डाव्या हातानं लिहिली. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवून मोकळं होता येत नाही. एक बाजू वाचवताना दुसरी झाकायची नसते.

शिवाय तो कागदच आतून आजारी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला गिरणीचा कागद स्वस्त झाला, आणि त्यातलं आम्लच त्याला खाऊ लागलं. पेशवाईतल्या दफ्तराचा रुमाल उघडला तर तीनशे वर्षांपूर्वीचा हातकागद अजून लवचिक लागतो, आणि १९३० च्या दशकातलं पत्रक घडीवर तुटतं. जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या कुटून केलेला तसा जाडाभरडा कागद आपल्या यावल-एरंडोलकडेही होत असे. इंग्रजी गॅझेटियरांत त्याची नोंद आहे. ते कारागीर गेले, आणि त्यांच्या मालाहून कितीतरी दुबळा कागद आता काळजीनं जपावा लागतो.

या कामाची रीत मला फार आवडली. आधी मऊ ब्रशनं धूळ काढायची. मग शाईच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागद दाबायचा. रंग उतरला तर तो कागद पाण्यात घालायचा नाही, त्याला दुसरा उपाय. रंग टिकला तर चुन्याची निवळी. शाळेत प्रयोगाला वापरली तीच! निवळीतला चुना आम्ल मारतो आणि वाळताना तंतूंमध्ये थोडा खडू मागे ठेवतो. पुढं हवेतून आम्ल शिरलं तर ते आधी त्या खडूवर खर्च होतं. मग तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा जपानी टिश्यू आणि पातळ खळ. टिश्यू इतका तलम, की खालचं अक्षर वाचता येतं. खळ अशी, की उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला तर पाण्यानं सोडवता यावी. आपलं काम पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे, ही अट मला थोर वाटते.

आता माझी काळजी. दुसऱ्याची पत्रं जपायला दाते पुढं येतात, स्वतःच्या ट्रस्टचं दफ्तर मात्र कपाटाच्या माथ्यावर पडून राहतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचा भर नोंदणी, मालमत्ता, हिशेब आणि विश्वस्तांच्या फेरफारावर आहे. अर्जदाराच्या पत्राला तिथं वाली नाही. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये शिष्यवृत्तीनिधी सुरू केला. त्यातून शिकायला गेलेल्यांत के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर आहेत. टाटा समूहानं पुण्यात दफ्तरखाना केला म्हणून अशा कामाची जाण राहते. अमेरिकेत रॉकफेलरांच्या संस्थांची कागदपत्रं १९७४ पासून एका स्वतंत्र केंद्रात जपली जातात. पुण्याची विषाणुसंस्था १९५२ मध्ये सुरू झाली ती याच रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्यानं. दात्याची फाइल ही अशी विज्ञानाच्या इतिहासाचीही फाइल असते.

आपल्याकडे अडचणी खऱ्या आहेत. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांना भिडतो, लगेच मागून दमट पावसाळा येतो. कागदाला या चढउताराचाच त्रास जास्त. खोली बारा महिने सारखी थंड ठेवायची तर दरमहा वीजबिल येतं, आणि इमारतीच्या कोनशिलेवर नाव लागतं तसं वीजबिलावर लागत नाही. स्कॅन केलं की काम संपलं, असा समज आहे. पण हार्ड डिस्क बंद पडते, फाइलचा प्रकार जुना होतो, दर काही वर्षांनी सगळं नव्यानं उतरवावं लागतं. कसर दिसते तरी, बिघडलेली फाइल उघडायला जाईपर्यंत कळतही नाही. आणि त्या अर्जांत लोकांचे आजार आहेत, कर्जं आहेत, लाज आहे. ते आजच कुणालाही उघडून देता येणार नाहीत. काही दशकं मोहोरबंद ठेवावे लागतील, म्हणजे ज्यांना त्यांचा उपयोग होईल ते अजून जन्मलेही नसतील. त्यांच्यासाठी आजच्या विश्वस्तांना कपाटाची जागा मागायची कशी?

तरी मागावी. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या, त्या माऊलीच्या निधनानंतर आचार्य अत्र्यांच्या हाती पडल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. मधल्या काळात ते कागद घरातच होते, आणि कुणी ते तराजूवर टाकले नाहीत.

त्या टेम्पोत चढलेल्या गठ्ठ्यातला शिलाई मशीनचा अर्ज मी हातात धरला होता. बाईंनी गावाचं नाव दोनदा लिहिलं होतं, पत्ता चुकू नये म्हणून. कोपऱ्यातला लाल शब्द कोणता होता, ते मला आता आठवत नाही.