विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास का येतो?

गेल्या मे महिन्यात पोलादपूरकडे एका नातलगाच्या घरी गेलो होतो. महामार्गालगतची आपली वस्ती. चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "भाऊ, चहा नाही बिघडला. विहिरीचं पाणीच तसं आहे. उन्हाळ्यात जास्त वास येतो." वस्तीच्या वरच्या अंगाला पेट्रोल पंप. ग्रामपंचायतीने पाणी तपासून घेतले होते. अहवाल आला, "पिण्यास योग्य."

अहवाल खोटा नव्हता. गावातल्या तपासणी पेटीत क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा आणि जंतू पाहिले जातात. पेट्रोल त्यात कोणी शोधतच नाही. जे शोधलेच नाही ते सापडणार कसे?

पंपाच्या टाक्या जमिनीखाली पुरलेल्या असतात. लोखंड गंजते, पाइपाचे सांधे सुटतात आणि माल थेंब थेंब मातीत जातो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून भूजलावर तरंगते. पण त्यातले बेन्झिन पाण्यात विरघळून पुढे चालू लागते. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहते. त्यामुळे पंपाला खेटून असलेली विहीर शुद्ध आणि लांबची बाधित, असेही घडते. बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झिन चालते. मी कारकून माणूस, हिशेब मांडून पाहिला. एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेन्झिन विरघळले तर आठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेला पोहोचते! बेन्झिनचा स्वतःचा वास येण्याच्या कितीतरी आधी पाणी धोक्याचे झालेले असते. टीसीएल पावडरने ते जात नाही. पाणी उकळले तर वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते.

आता गळती ओळखायची कशी? याचे पहिले साधन म्हणजे वही. सकाळचा साठा, अधिक टँकरने आलेला माल, वजा मशीनवरची विक्री, हा झाला हिशेबी साठा. टाकीत मोजपट्टी बुडवून जो मिळतो तो प्रत्यक्ष साठा. दोन्हींत एखाद्या दिवशी फरक पडला तर बिघडत नाही. उष्णतेने माल फुगतो, थोडा उडतो. पण महिन्यामागून महिना तूटच दिसत असेल तर तो माल गेला कुठे? अमेरिकेत टाकीच्या अशा मासिक हिशेबाला मर्यादाच घातलेली आहे: उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर. त्यापुढे फरक गेला तर गळतीचा संशय धरतात. तिथे १९८४ नंतर साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत.

दुसरी खूण कोकणातल्या पावसाची. मोजपट्टीच्या टोकाला एक लेप लावतात. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि भोकातून टाकीत शिरते. ज्या भोकातून श्रावणात पाणी आत येते, त्याच भोकातून वैशाखात पेट्रोल बाहेर पडते.

खरी पाहणी मात्र निरीक्षण विंधन विहिरींनी होते. टाक्यांभोवती निदान तीन हव्यात, तेव्हा पाण्याच्या वाहण्याची दिशा कळते. पेट्रोल वर तरंगते, म्हणून पाइपाच्या चिरा पाण्याच्या पातळीला असाव्या लागतात. आपल्याकडे ही पातळी पावसाळ्यात वर आणि मेमध्ये खोल, तेव्हा नमुना दोन्ही वेळा घ्यावा. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. वहिनींच्या विहिरीचा नमुना कोणीतरी प्लॅस्टिकच्या अर्ध्या बाटलीत नेला होता. बेन्झिन शोधायचे म्हटले असते तरी त्यातून ते केव्हाच उडून गेले असते.

हे आपल्यापासून दूरचे नाही. २०२३ साली गोव्यात दाबोळीजवळ माटवे येथे जमिनीखालच्या इंधनवाहिनीतून गळती झाली आणि विहिरींत इंधन उतरले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नवीन पंपांना शाळा, दवाखाने व वस्तीपासून ५० मीटरचे, अपवादाने ३० मीटरचे अंतर घातले. पण जुन्या पंपांखालच्या जुन्या टाक्यांचे काय?

ज्या तालुक्याला लागून महाड आहे, जिथे १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्यासाठी हजारोंना चवदार तळ्यावर नेले, तिथल्या वस्तीला विहिरीचे पाणी ओतून द्यावे लागते, हे मला सहन होईना. आम्ही अर्ज लिहिला. "पाणी तपासावे" एवढेच न लिहिता "बेन्झिन, टोल्युइन व खनिज तेल तपासावे" असे नाव घेऊन लिहिले. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एक भूजल सर्वेक्षण यंत्रणेला, एक टाक्यांना परवाना देणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेला, तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. पोच घेतली. साठ्याच्या नोंदींसाठी माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज केला.

वहिनींनी मुलीच्या शाळेच्या वहीत रकाने आखले आहेत: तारीख, दोराच्या गाठींनी मोजलेली पाण्याची खोली, वास आहे की नाही, वर तवंग दिसतो का. दर रविवारी नोंद होते. पिण्याचे पाणी सध्या पलीकडच्या वाडीतून आणतात, जाऊन-येऊन तीन खेपा.