इराण-अमेरिका दावे न्यायाधिकरण

इराण व अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) यांच्यातील करार, कर्जे व मालमत्ता यांविषयीच्या दाव्यांचा निर्णय करण्यासाठी १९८१ मध्ये हेग (नेदर्लंड्‌स) येथे स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय लवाद न्यायाधिकरण. राजनैतिक संबंध तुटलेल्या दोन राष्ट्रांमधील व्यापारी तंटे लवादाने सोडविण्याचा हा एक प्रमुख प्रयोग होय.

पार्श्वभूमी : १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमधील अनेक अमेरिकन कंपन्यांचे करार मोडले व काहींची मालमत्ता शासनाने ताब्यात घेतली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकन वकिलात आंदोलकांनी काबीज केली. १४ नोव्हेंबरला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इराणची मालमत्ता गोठविली. पुढे अमेरिकन न्यायालयांत इराणविरुद्ध दावे दाखल होऊन जप्तीचे हुकूम निघाले. अल्जीरियाच्या मध्यस्थीने १९ जानेवारी १९८१ रोजी ‘अल्जिअर्स जाहीरनामे’ स्वीकृत झाले आणि दुसऱ्या दिवशी ५२ ओलिसांची ४४४ दिवसांनंतर मुक्तता झाली. न्यायालयांतील दावे थांबवून ते लवादाकडे सोपविण्याचे अ. सं. सं.ने मान्य केले. राष्ट्राध्यक्षाचा हा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘डेम्स अँड मूर विरुद्ध रीगन’ (१९८१) या खटल्यात उचलून धरला.

रचना व कार्य : न्यायाधिकरणाचे नऊ सदस्य असतात. प्रत्येक शासन तीन सदस्य नेमते व उरलेले तीन तिसऱ्या देशांतून निवडले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाचे १९७६ चे लवाद नियम आवश्यक फेरफारांसह लागू करण्यात आले. खाजगी दाव्यांसाठी १९ जानेवारी १९८२ ही अंतिम मुदत होती व सु. ३,८०० दावे दाखल झाले. अडीच लाख डॉलरांहून कमी रकमेचे दावे संबंधित शासनाने मांडावयाचे होते. अमेरिकन नागरिकांचे असे दावे १९९० मध्ये १० कोटी ५० लाख डॉलरांच्या एकत्रित तडजोडीने मिटले. कामकाजात राजकीय वैराचे पडसादही उमटले. सप्टेंबर १९८४ मध्ये दोन इराणी सदस्यांनी एका स्वीडिश सदस्यावर हल्ला केल्याने कामकाज काही काळ स्थगित झाले.

निवाड्यांची अंमलबजावणी : या व्यवस्थेचे खरे बळ ठेव-निधीत होते. गोठविलेल्या मालमत्तेतून १०० कोटी डॉलर तिसऱ्या देशातील बँकेत वेगळे ठेवण्यात आले. शिल्लक ५० कोटींखाली गेल्यास ती भरून काढण्याचे बंधन इराणवर होते. त्यामुळे अमेरिकन दावेदारांना निवाड्याची रक्कम थेट या निधीतून मिळे; त्यांना एकूण २५० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. पुढे शिल्लक मर्यादेखाली गेली व इराणने हे बंधन पाळले नाही, असा निर्णय न्यायाधिकरणाने २००० मध्ये दिला. उलट, इराणच्या बाजूने लागलेल्या निवाड्यांसाठी असा निधी नव्हता. इराणला अमेरिकन न्यायालयांतच जावे लागे. तेथे एका अपील न्यायालयाने १९८९ मध्ये निवाडा अंमलबजावणीयोग्य मानला, तर दुसऱ्याने १९९२ मध्ये एका निवाड्याची अंमलबजावणी नाकारली. ही विषमता या व्यवस्थेतील मोठा दोष होय.

महत्त्व : मालमत्ता-हरण, नुकसानभरपाई व दुहेरी नागरिकत्व या विषयांवरील न्यायाधिकरणाचे निर्णय पुढील लवादांत वारंवार आधारास घेतले गेले. खाजगी दावे बहुतांशी निकालात निघाले. दोन्ही शासनांमधील, विशेषतः लष्करी साहित्याच्या खरेदीसंबंधीचे, दावे मात्र दीर्घकाळ रेंगाळले. शत्रुत्वाच्या काळातही लवाद चालू शकतो; परंतु निवाड्याची रक्कम दोन्ही पक्षांच्या मर्जीबाहेर सुरक्षित असल्यासच तो परिणामकारक ठरतो, हे या अनुभवावरून दिसून येते.