गावाचे आडनाव, आडनावाचे गाव

आडनाव म्हणजे पूर्वजांनी मागे ठेवलेला पत्ताच होय. ग्रामनामास 'कर' जोडून झालेली आडनावे महाराष्ट्रात विपुल आहेत. परंतु आडनावावरून गाव वसल्याचे उदाहरण विरळाच. तसे एक उदाहरण आमच्या कडेगावाच्या दक्षिणेस, शेजारीच आहे.

किर्लोस हे तळकोकणात मालवण तालुक्यातील लहानसे गाव. तेथील म्हणून ते किर्लोस्कर. हे घराणे पुढे घाट चढून बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे स्थिरावले. 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब १८४३ साली, व लोखंडी नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव १८६९ साली तेथेच जन्मले. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांस कुंडल रोड स्थानकाजवळील ओसाड माळ दिला. १९१० साली तेथे कारखाना आला, मागोमाग वस्ती झाली, तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्थानकानेही तेच नाव धारण केले. गावाने आडनाव दिले होते. आडनावाने दुसऱ्या गावास नाव देऊन जणू ते ऋण फेडले.

कारखान्याच्या लौकिकामुळे या घराण्याची वाट लिहून राहिली. इतरांची वाट मात्र केवळ वृद्धांच्या स्मरणात असते. म्हणून वाचकांस आमची विनंती की, घरात आजोबा-आजी आहेत तोवर मूळ गाव, कुलदैवत व स्थलांतराचे कारण त्यांस विचारून वहीत उतरवून ठेवावे. वडीलधारी माणसे गेली म्हणजे आडनाव तेवढे उरते, त्यातील गाव हरपते.