दुसऱ्या खंडाची कसोटी

ज्या युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली त्याच भूमीत त्यांनी देह ठेवला, त्या चीन-जपान युद्धाची भीषण स्मृती एका अद्भुतरम्य कादंबरीचा पाया व्हावी, ही घटना मराठी वाचकाने अवश्य लक्षात घ्यावी अशी आहे. चीनमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत वाढलेल्या आर. एफ. क्वांग यांची 'द पॉपी वॉर' ही कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. आणि पुढच्याच वर्षी तिचा दुसरा खंड, 'द ड्रॅगन रिपब्लिक', वाचकांच्या हाती आला.

पहिल्या खंडात रिन नावाची दक्षिणेतील एक पोरकी, दरिद्री मुलगी केवळ परीक्षेतील यशाच्या बळावर साम्राज्याच्या लष्करी विद्यालयात प्रवेश मिळविते, अग्निदेवतेची शक्ती आपल्या देहात आवाहन करण्याची विद्या साध्य करते, आणि १९३७ सालच्या नानजिंगच्या हत्याकांडावर आधारलेला नरसंहार पाहिल्यावर शत्रूचे संपूर्ण बेट भस्मसात करते. सामान्य युद्धकथा येथे नगारे वाजवून संपली असती. दुसरा खंड मात्र, जिने एक राष्ट्र जाळले ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते, या प्रश्नापासून सुरू होतो. आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी येथेच आहे. रिन अफूच्या आहारी जाते. अफू हे येथे केवळ व्यसन नव्हे, तर इतिहासाचा दाखला आहे: माळव्याची जी अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे आणि जिच्यावर आपल्याकडील कित्येक पेढ्यांची भरभराट झाली, तिचीच काळी छाया या पानांवर पडलेली आहे.

अशा अवस्थेत साम्राज्याच्या राज्ञीवर सूड उगविण्याच्या ईर्ष्येने रिन वैस्रा या बलाढ्य प्रांताधिपतीच्या फौजेत दाखल होते. वैस्राला बारा सुभ्यांचे जुने साम्राज्य मोडून प्रजासत्ताक स्थापावयाचे आहे, आणि त्याकरिता समुद्रापलीकडील हेस्पेरियन लोकांची गलबते व बंदुका त्याला हव्या आहेत. ती मदत मिळते, पण विनामूल्य नव्हे. आपला धर्म व आपले शास्त्र घेऊन आलेले हे गोरे पाहुणे रिनला एखाद्या नमुन्याप्रमाणे तपासतात, तिच्या देवतेला विकृती ठरवितात, आणि हे सारे सुसंस्कृत सौजन्याने करतात. रणांगणावरील रक्तपातापेक्षा हीच प्रकरणे मला अधिक अस्वस्थ करून गेली.

समीक्षकांनी या खंडाचे स्वागत एकंदरीत आदराने केले. पहिल्या खंडातील विद्यालयाची कथा आणि युद्धाची कथा यांचा सांधा नीट जुळला नव्हता, अशी जी तक्रार होती, ती येथे उरली नाही, आणि नदीमार्गे चालणारी मोहीम, रसदीची विवंचना, सुभेदारांचे आपापसांतील डावपेच यांचे चित्रण अधिक प्रौढ झाले, असे अनेकांनी म्हटले. दोष दाखविणारेही होते. मधला भाग लांबला, आणि इतकी समर्थ नायिका एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे आज्ञा मागत फिरते, हे काहींना पटले नाही.

पहिला आक्षेप मी मान्य करतो. वेढे आणि चढाया यांची काही वर्णने खरोखरच आटोपती घेता आली असती. दुसरा मात्र मला मान्य नाही. आपण केलेल्या संहाराचा भार जिला एकटीला पेलवत नाही, तिला हुकूम देणारा कोणीतरी हवाच असतो, कारण हुकुमाबरोबर जबाबदारीही दुसऱ्याच्या खाती जमा होते असे तिला वाटते. आणि तसे कधीच होत नाही, हे लेखिका तिला प्रत्येक विश्वासघातातून शिकवीत जाते. रिनची कल्पना माओ त्से-तुंगच्या चरित्रावरून सुचली, असे क्वांग यांनी स्वतःच सांगितले आहे. तेव्हा आज्ञाधारक सैनिकापासून सत्ताधीशापर्यंतचा तो प्रवास दाखविण्यासाठी ही परावलंबनाची वर्षे वगळणे शक्यच नव्हते. ज्या प्रजासत्ताकासाठी ती लढली, तेच विजयाच्या क्षणी तिला परकीयांच्या स्वाधीन करते. तिथून निसटून ती ज्या दक्षिणेची लाज बाळगत आली त्याच दक्षिणेकडे वळते, आणि २०२० सालच्या 'द बर्निंग गॉड' या अखेरच्या खंडात प्रथमच स्वतःच्या नावाने फौज उभी करते.