उपकरणफलक, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीचा

उपकरणफलक, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीचा : गाडीचा वेग, एंजिनाचे फेरे, वंगणाचा दाब, शीतक पाण्याचे तापमान, इंधनाची पातळी व विद्युत् पुरवठ्याची स्थिती चालकाला दाखविणाऱ्या मापकांचा, चालकासमोर बसविलेला संच. मापकाला माहिती पुरविणाऱ्या व एंजिन, इंधनाची टाकी इ. ठिकाणी बसविलेल्या भागास संवेदक म्हणतात. स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे एंजिन पुष्कळदा त्याच्या क्षमतेच्या मर्यादेजवळ चालविले जाते. त्यामुळे अशा गाडीत मापकाचा काटा खोटे बोलू लागल्यास केवळ गैरसोय होत नाही, तर एंजिन निकामी होण्याचा धोका उद्‌भवतो.

प्रस्तुत नोंदीत इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेली एमजीबी ही गाडी मुख्यत्वे उदाहरणादाखल घेतली आहे. तिची मापके स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीची होती. याच बनावटीची मापके त्या काळातील इतर अनेक ब्रिटिश गाड्यांतही वापरली जात असल्याने पुढील विवेचन त्यांनाही सामान्यतः लागू पडते.

विद्युत् मंडल : १९६७ पर्यंतच्या एमजीबी गाड्यांत विद्युत् घटमालेचे धन टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेले (धन भूयोजन) असे. त्यानंतर डायनामोऐवजी आल्टरनेटर आला व ऋण भूयोजन स्वीकारण्यात आले. कोणताही नवा इलेक्ट्रॉनीय भाग बसविण्यापूर्वी गाडीचे भूयोजन कोणते आहे हे पाहणे आवश्यक असते, कारण उलट जोडणीने असा भाग तत्काळ जळू शकतो.

इंधनमापक व विद्युतीय तापमापक यांच्या अंतर्भागी द्विधातुपट्टी (निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी) व तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून जाणाऱ्या विद्युत् प्रवाहाने पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. म्हणून असा काटा सावकाश हलतो. टाकीतील तरंगकाला जोडलेल्या संवेदकाचा विद्युत् रोध टाकी रिकामी असताना सु. २५० ओहम, तर भरलेली असताना २० ते ३० ओहम असतो. तापमापकाच्या थर्मिस्टर संवेदकाचा रोध तापमान वाढेल तसा घटतो.

घटमालेचा विद्युत् दाब कमीजास्त होत असल्याने या मापकांना विद्युत् दाब स्थिरकातून पुरवठा होतो. जुन्या स्थिरकातील द्विधातुपट्टी संपर्क सतत जोडते व तोडते आणि त्यामुळे सरासरी १० व्होल्ट इतका परिणाम साधला जातो. स्थिरकाच्या आवरणाचे भूयोजन तुटले, तर पट्टी तापत नाही, संपर्क मिटलेलेच राहतात व मापकांना पूर्ण दाब मिळून सर्व काटे प्रमाणाबाहेर वर जातात.

दोषशोधन : दोष शोधताना प्रथम एकच मापक चुकत आहे की अनेक, हे ठरवावे. द्विधातुपट्टीची सर्व मापके एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवीत असतील, तर दोष बहुधा स्थिरकात किंवा त्याच्या भूयोजनात असतो. एकच मापक चुकत असल्यास त्याची तार, संवेदक व स्वतः मापक यांची क्रमाने तपासणी करतात. इंधन संवेदकाची तार सोडविल्यावर काटा ‘रिकामी’ या खुणेवर आला पाहिजे. तीच तार सु. २५ ओहमच्या रोधकातून सांगाड्याला जोडल्यास काटा ‘भरलेली’ या खुणेजवळ गेला पाहिजे. दोन्ही घडल्यास मापक व तार निर्दोष असून दोष संवेदकात किंवा टाकीच्या भूयोजनात आहे, असा निष्कर्ष निघतो. टाकी उघडी असताना किंवा इंधनाची वाफ जवळपास असताना ही चाचणी करू नये, कारण ठिणगीने आग लागू शकते.

तापमान संवेदकाच्या आट्यांवर गळती थांबविण्यासाठी प्लॅस्टिकची फीत गुंडाळल्यास त्याचे भूयोजन बिघडून काटा खाली राहतो. चालकाला एंजिन थंड भासते, प्रत्यक्षात ते तापलेले असते.

वंगण दाबमापक : एंजिनातील धारव्यांचे (बेअरिंगांचे) आयुष्य वंगणाच्या दाबावर अवलंबून असल्याने हे मापक सर्वांत महत्त्वाचे होय. एमजीबीमध्ये तापलेले एंजिन नेहमीच्या वेगाने चालताना हा दाब दर चौ. इंचास ५० ते ८० पौंड (दर चौ. सेंमी.ला सु. ३·५ ते ५·६ किग्रॅ.) व निर्भार मंदगतीत १० ते २५ पौंड असावा, असे गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे. यांत्रिक मापकात फ्रेंच अभियंते यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेली वक्र नळी असते. दाबाखाली ती उलगडते व काटा फिरवते. तिच्यापर्यंत एंजिनातील तेल प्रत्यक्ष नळीने आणलेले असते. ही नळी किंवा तिचा लवचिक भाग जीर्ण झाल्यास तेल बाहेर पडून एंजिन कोरडे पडण्याचा संभव असतो.

काटा एकाएकी खाली आल्यास एंजिन ताबडतोब बंद करावे व मापकाबद्दल शंका त्यानंतरच घ्यावी. खात्री झालेले दुसरे मापक त्याच ठिकाणी जोडून पाहिल्यास दोष मापकाचा की एंजिनाचा, याचा उलगडा होतो. यांत्रिक मापकाऐवजी द्विधातुपट्टीचे मापक बसविल्यास गाडीच्या आत तेल येत नाही. परंतु दाब घटल्याचे उशिरा कळते. म्हणून त्यासोबत कमी दाबाला पेटणारा इशारा-दिवाही बसविणे इष्ट ठरते.

फेरेमापक : चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटास ३,००० फेऱ्यांना सेकंदास १०० स्पंद मिळतात. फेरेमापक हे स्पंद मोजतो. सहा सिलिंडरांच्या गाडीचा मापक तसाच येथे बसविल्यास तो ३,००० ऐवजी २,००० फेरे दाखवील व चालक एंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे नेईल. जुन्या पद्धतीत प्रज्वलन वेटोळ्याकडे जाणाऱ्या तारेचा फास मापकातून जातो व मापक तिच्यातील प्रवाहाचे स्पंद ओळखतो. संपर्क खंडकाऐवजी इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन बसविल्यावर स्पंदांचे स्वरूप बदलते. मग काटा उड्या मारतो किंवा हलत नाही. अशा वेळी मूळ तबकडी व काटा तसाच ठेवून आतील मंडल विद्युत् दाबाच्या स्पंदांवर चालणारे करतात.

वेगमापक : लवचिक केबलीने फिरणारा स्थायी चुंबक ॲल्युमिनियमाच्या वाटीत आवर्त प्रवाह निर्माण करतो, त्यामुळे वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक कमान तिला रोखून धरते. अंतरमापक मात्र त्याच केबलीने दंतचक्रांद्वारे फिरतो. या फरकाचा दोषशोधनात उपयोग होतो. रस्त्यावरील अंतराच्या दगडांशी ताडून अंतर बरोबर निघाले व वेग चुकला, तर दोष चुंबकाचा किंवा कमानीचा असतो. दोन्ही एकाच प्रमाणात चुकले, तर टायरांचा आकार, मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर किंवा मापकच वेगळ्या गाडीचा असल्याचे समजावे. काटा थरथरत असल्यास केबल बहुधा कोरडी किंवा तीव्र वळणात असते.

स्मिथ्स मापकांच्या तबकडीवर बारीक अक्षरांत १००० किंवा १२८० यांसारखी संख्या असते. केबलीने मैलामागे किती फेरे घ्यावेत, ते ती दर्शविते. केबल मैलामागे १,००० फेरे घेणाऱ्या गाडीत १२८० चा मापक बसविल्यास ताशी ८० किमी. वेग केवळ ६२·५ किमी. दिसतो. केबलीच्या मार्गात योग्य गुणोत्तराची छोटी दंतचक्र पेटी बसवून ही चूक दूर करता येते.

मापक बदलताना अंतराची नोंदही बदलते. ही नोंद हा गाडीच्या झिजेचा पुरावा असल्याने जुना आकडा व बदलाची तारीख लिहून ठेवणे आवश्यक असते. फसवणुकीसाठी ती मागे फिरविण्यास अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने मनाई करण्यात आली.

फेरबदल : द्विधातुपट्टीच्या स्थिरकाऐवजी १० व्होल्टचा अर्धसंवाहक स्थिरक बसविल्यास पुरवठा अधिक स्थिर होतो, मात्र तो भूयोजनाला अनुरूप असावा लागतो. अँपिअरमापक असलेल्या गाडीत मोठा आल्टरनेटर बसविल्यास मापकाच्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह जाऊन त्याची टोके तापतात. अशा वेळी त्याच्या दोन्ही तारा पुरेशा जाडीच्या संवाहकाने एकत्र जोडून वेगळा व्होल्टमापक बसवितात. एंजिन चालू असताना त्याने सु. १३·८ ते १४·५ व्होल्ट दाखविणे अपेक्षित असते. फलकावरील दिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसविता येतात. परंतु आल्टरनेटरचा इशारा-दिवा तसाच ठेवणे श्रेयस्कर असते, कारण त्याच्या तंतूतून जाणारा प्रवाहच आल्टरनेटरला सुरुवातीचे उद्दीपन देतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या व त्या सुमारच्या काही तबकड्यांवर रेडियमयुक्त दीप्तिमान रंग असल्याने त्या घरी उघडू किंवा खरवडू नयेत.

मूळ मापके जतन करावीत की त्यांच्या जागी आधुनिक मापके बसवावीत, याबाबत मतभेद आहेत. बाह्य रूप मूळचे राखून आतील यंत्रणा सुधारणे आणि केलेला प्रत्येक बदल पूर्ववत करता येईल असा ठेवणे, हा बहुतेक जाणकारांना मान्य असलेला मध्यम मार्ग होय. तबकडी जुनी असो वा नवी, तिच्यावरील आकडा एखाद्या ज्ञात मापाशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबून एंजिन वेगाने चालवू नये.